रात्री साडेदहाची जाग

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी अंबाजोगाईहून मुंबईला आले. परळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी लागली होती. हातात चोवीस हजार पगार आणि पाळ्या दोन. एक आठवडा सकाळी सात ते तीन, दुसरा आठवडा दुपारी एक ते रात्री नऊ. निघताना बाबा म्हणाले, "घाई करू नको, चार ठिकाणं बघ, मग ठरव." आईची अट वेगळीच होती. "खोली कशी का असंना, दार उघडलं की माणूस दिसलं पाहिजे." तेव्हा मी हो म्हणाले आणि विसरून गेले. पुढचे दोन महिने खोली शोधताना ही एकच अट मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

आल्या आल्या आत्याकडे उतरले, बदलापूरला. आत्याचं म्हणणं होतं की इथंच राहा, भाडं कशाला भरायचं? सकाळची पाळी होती तोवर मलाही ते पटलं. रात्री नऊला सुटणाऱ्या पाळीचा पहिला आठवडा आला आणि सगळं बदललं. दादरला एक बदलापूर गाडी डोळ्यांदेखत गेली की पुढच्या गाडीसाठी प्लॅटफॉर्मवर ताटकळत बसायचं. घरी पोचेपर्यंत सव्वाअकरा. त्या वेळी मामा (आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो) स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर उभे असायचे, मफलर गुंडाळून. त्यांना स्वतःला पहाटे साडेपाचची गाडी पकडायची असे. ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण चौथ्या रात्री स्कूटरवर मागे बसल्यावर मला त्यांच्या खांद्यांकडे बघवेना. त्याच रात्री ठरवलं, आपली खोली बघायची.

हिशोब साधा होता. घरी पाच हजार पाठवायचे होते, खाणंपिणं, फोन, प्रवास. भाड्याला नऊ हजारांच्या वर जाता येणार नव्हतं. डिपॉझिट म्हणून बाबांनी पन्नास हजार बाजूला ठेवले होते, तेही सोयाबीनचे.

सुरुवात लालबागपासून केली, कारण लॅबपासून चालत वीस मिनिटं. सोबत काम करणारी एक ताई तिथेच वाढलेली. रविवारी तिने मला तिच्या चाळीत नेलं. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना डोळ्यांत पाणी आलं, चिवडा गल्लीत तळणाचा वास, गॅलरीत एका ओळीत उघडी दारं, एका दारात आजी लसूण सोलतेय आणि तिच्यासमोर तिसऱ्याच घरातलं पोर अभ्यास करतंय. आईने म्हटलेला शेजार तो हाच, असं मनात आलं. खोली एकशेवीस फुटांची, वर पोटमाळा, मोरी आत, संडास मजल्याच्या टोकाला. त्याचं मला काही वाटलं नाही. भाडं तेरा हजार, डिपॉझिट पाऊण लाख. तरी मी मनात आकडे जुळवत होते, घरी पाठवायचे पैसे सहा महिने कमी केले तर, वगैरे.

मग कागदाचा विषय निघाला. खोली पागडीची. म्हणजे राहणाऱ्याने पूर्वी एकरकमी पागडी देऊन भाडेकरूचा हक्क घेतलेला, दरमहा नाममात्र भाडं, आणि इमारतीचा मालक वेगळाच. मला खोली देणारे काका स्वतःच भाडेकरू होते, त्यामुळे माझ्या नावाने करार नोंदवायला ते तयार नव्हते. "पोरी, विश्वासावर राहा की." माणूस खरोखर चांगला होता. पण नोंदणी केलेला करार नसेल तर माझ्याकडे पत्त्याचा पुरावा काय? उद्या मूळ मालक येऊन उभा राहिला तर मी कोण? जड मनाने नाही म्हटलं. लालबाग मला आजही जवळचं वाटतं. तिथून चालत जाताना मी उगाच त्या चाळीच्या जिन्याकडे बघते.

मधल्या काळात परळजवळचं एक पेइंग गेस्टही बघितलं. एका खोलीत तिघी, अकरा हजार, आणि फाटक रात्री दहाला बंद. विषय संपला.

विक्रोळी पूर्वेचं कन्नमवार नगर बघायला दोनदा गेले. मारोतराव कन्नमवार म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री, त्यांच्या नावाची ही म्हाडाची वसाहत. इमारतींना नंबर, मधून मधून मैदानं, मंडळांचे फलक, कट्ट्यावर बसलेले म्हातारे, संध्याकाळी भाजी-मासळीला झुंबड. परळला जायला स्लो लोकल, गाडी बदलायची कटकट नाही. साध्या खोलीचं भाडं चौदा हजार ऐकून मी मागे फिरत होते, तेवढ्यात दलाल म्हणाला, "मॅडम, एक साडेदहा हजारांची आहे, लगेच देतील." खोली स्वच्छ, हवेशीर. माझा होकार ओठांवर आलेला. जिन्यात पाण्याचा हंडा घेऊन एक मावशी वर येत होत्या. त्यांनी विचारलं, "भाड्याने घेतेस का? अगं, बिल्डिंग डेव्हलपमेंटला गेलीय. आमच्या सह्या झाल्या. सहा महिन्यांत खाली करायचीय." दलाल तोवर खाली पोचला होता. त्या दिवसापासून मी एक नियम केला, खोली आवडली की दलालाला पुढे पाठवायचं आणि आपण जिन्यात, वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे थांबून बोलायचं. इस्त्रीवाल्याला तर इमारतीतलं प्रत्येक घर माहीत असतं, कोण कधी येतं, कुणाचं भांडण आहे, पाणी किती वाजता येतं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी सगळ्या वस्त्या रविवारी सकाळी अकराला बघत होते. रविवारी अकराला कुठलीही वस्ती गजबजलेलीच असते! मला मात्र तिथे रात्री साडेदहाला पोचायचं होतं, एकटीने, पाय दुखत असताना. मग पद्धतच बदलली. खोली दिवसा बघायची, आणि पसंत पडली तर त्याच आठवड्यात पाळी सुटल्यावर, रोज पकडावी लागेल तीच गाडी पकडून, त्या स्टेशनवर उतरून दारापर्यंत चालत जायचं. वर जायचं नाही, खालूनच परतायचं आणि पुढची गाडी पकडून बदलापूर गाठायचं. मामांना फोन करून सांगायचे, अर्धा तास उशीर होईल. ते म्हणायचे, "बघ, नीट बघ."

डोंबिवलीचं नाव लॅबमधल्या निम्म्या लोकांनी सुचवलं होतं. मी टाळत होते ते गर्दीच्या भीतीने. शेवटी तिथेच गेले.

पहिली खोली कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका नव्या संकुलात होती. साडेसात हजार, लिफ्ट, बाग, गेटवर वॉचमन. "मॅडम, मेट्रो येतेय इथून," असं दलालाने तीनदा सांगितलं. मेट्रोचे खांब उभे राहत होते हे खरं, पण मला रोज जायचं होतं ते आजच्या रस्त्याने. रात्री स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग पंधरा मिनिटं हलली नाही. शेवटी एकटीने रिक्षा केली आणि दीडशे रुपये मोजले. महिन्यात अशा दहा-बारा रात्री धरल्या तर स्वस्त भाड्याचा फायदा रिक्षातच जाणार होता. आणि गेटच्या आत शिरल्यावर काय दिसलं? एकही माणूस नाही. दिवे भरपूर, बाकं रिकामी, सगळ्या खिडक्या बंद. वॉचमनने वहीत नाव लिहायला सांगितलं, तेवढाच एक आवाज.

डोंबिवलीच्याच एमआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, निवासी भागात झाडं आहेत, बैठी घरं आहेत, सावित्रीबाई फुले नाट्यगृह जवळ आहे. एका बंगल्याच्या मागची खोली मला फार आवडली होती. मालक सरळ माणूस. त्यांनी स्वतःच सांगितलं की रात्री कधी कधी कारखान्यांचा उग्र वास येतो आणि २३ मे २०२४ च्या स्फोटात खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या. मला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. त्यांनी लपवलं असतं तर मी फसले असते. फडके रोडच्या आसपास विचारलं, तिथे तेरा हजारांच्या खाली कुणी बोलेना.

या फिरण्यात वाट्याला आलेले प्रश्नही सांगायला हवेत. "एकटीच? मग नाही देत आम्ही." "भाऊ राहायला येईल का सोबत?" एकाने जात विचारली, सरळ, चहाचा कप हातात देत. एकाने रात्री नऊपर्यंत कसली नोकरी, असं विचारून बायकोकडे बघितलं. रक्ताचे नमुने तपासण्याची नोकरी, काका. तुमच्या घरचाही कुणाचा तरी रिपोर्ट रात्री नऊलाच तयार होत असेल. हे मी तिथे बोलले नाही, इथे लिहिते, कारण अशा दारांवरून परत फिरताना एकट्या मुलीला काय वाटतं ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

जानेवारीच्या मध्यावर डोंबिवली पश्चिमेला, स्टेशनपासून चालत अकरा मिनिटांवर एक खोली दाखवली. तीस वर्षं जुनी सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. भाडं नऊ हजार, डिपॉझिट चाळीस, दलाली एक महिन्याचं भाडं. दिवसा काही खास वाटली नाही. भिंतीचा रंग उडालेला, ओटा काळ्या कडप्प्याचा.

त्याच गुरुवारी रात्री गेले. परळहून दादरला आले आणि फास्ट लोकल पकडली. ठाण्यानंतर डब्यात थोडी हवा खेळली. एक बाई पिशवीतून मेथी काढून मांडीवर निवडायला बसल्या, समोरचीने न विचारता अर्धी जुडी हातात घेतली. डोंबिवलीला दहा वाजून अठरा मिनिटांनी उतरले तेव्हा माझ्याबरोबर नुसत्या आमच्या डब्यातून पंचवीस-तीस बायका उतरल्या. पूल चढून पश्चिमेला उतरल्यावर त्यातल्या निम्म्या माझ्याच दिशेने चालत होत्या, भरभर, पर्स पुढे घेऊन, फोनवर "आले, कुकर लाव" म्हणत. मी मुद्दाम मोजत गेले. दहा वीसला सतरा दुकानं उघडी. दोन औषधांची, एक दूध-दह्याचं, वाणी, चप्पल दुरुस्त करणारा, मोबाईलवाला, झेरॉक्स. पोळी-भाजी केंद्रात शेवटच्या पोळ्या कागदात बांधणं चाललं होतं आणि काउंटरवरची बाई एका मुलीला सांगत होती, "फ्लॉवर संपली गं, आमटी देऊ?"

वळणावर एक भाजीवाली होती, हातगाडीवर पिवळा बल्ब लावून. तिच्याकडे अख्खी भाजी थोडी आणि निवडलेली जास्त. शिरा काढलेली गवार, सोललेला लसूण, लाल भोपळ्याच्या फोडी, चिरलेली कोबी, सगळं पाव-पाव किलोच्या पिशव्यांत. रात्री साडेदहाला घरी पोचणाऱ्या बाईला उद्या पहाटे डब्यात काय द्यायचं आहे, हे त्या गाडीवर मांडलेलं होतं. मी लसूण घेतला. तिने विचारलं, "नवी दिसतेस. कुठली?" अंबाजोगाई म्हटल्यावर म्हणाली, "योगेश्वरीची. जाऊन आलेय मी."

तिच्यापुढे ऐंशी-नव्वद पावलांचा पट्टा अंधारा होता. तिथे माझा हात आपोआप फोनवर गेला. पण पुढे खोलीच्या इमारतीखाली तीन बायका शतपावली करत होत्या आणि वरच्या गॅलरीतून कुणी तरी कुणाला तरी हाक मारत होतं. त्या आठवड्यात मी आणखी दोनदा त्याच वेळी जाऊन बघितलं. दुकानांची संख्या थोडी इकडेतिकडे, पण रस्ता जागा होता. आईला फोन करून सांगितलं, माणूस दिसतं.

तरी लगेच हो म्हटलं नाही. दोनच महिन्यांपूर्वी डोंबिवलीतल्या पासष्ट बेकायदा इमारतींवर हायकोर्टाने कारवाईचे आदेश दिले होते. खोटे कागद दाखवून रेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या त्या इमारती, आणि आत राहणाऱ्या कुटुंबांची झोप उडालेली. तेव्हा मी घरमालकीण काकूंकडे सोसायटीचं नोंदणीपत्र, मालमत्ता कराची पावती आणि त्यांच्या नावाचं वीजबिल मागितलं. दलाल चिडला. "भाड्यानेच घेताय ना, विकत तर नाही?" काकूंनी मात्र कपाटातून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. "विचारलंस ते बरं केलंस. मी पण माझ्या मुलीला हेच सांगितलं असतं." त्या वाक्यावर माझं ठरलं.

करार अकरा महिन्यांचा. अकराच महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, असं बरेच दलाल सांगतात, ते खोटं आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही अवाढव्य नाही. आमचं मुद्रांक शुल्क अडीचशेच्या आसपास आलं, नोंदणी फी हजार रुपये, वर घरी येऊन काम करणाऱ्या एजंटचे पैसे. हा खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती काकूंनी स्वतः भरली.

एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन संध्याकाळी आला. काकूंचा अंगठा एका फटक्यात लागला. माझा लागेना. दिवसभर हातमोजे आणि सॅनिटायझर, बोटांची टोकं पांढरी पडून रेषाच बुजलेल्या. पाच वेळा, सहा वेळा, दुसरं बोट, तिसरं बोट. यंत्रावर लाल दिवा. मला रडूच यायला लागलं, इतक्या वणवणीनंतर आता माझ्याच बोटामुळे खोली जाते की काय! काकू उठल्या, स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली, माझा अंगठा आपल्या तळहातावर घेऊन दोन थेंब चोळले, पदराने पुसला. "आता ठेव. दाबू नको." हिरवा दिवा लागला.

एक फेब्रुवारीला राहायला गेले. मामांनी गादी आणि कुकर टेम्पोत घालून आणला आणि जाताना दाराची कडी स्वतः दोनदा लावून बघितली.

तिथलं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. सकाळच्या पाळीला पावणेपाचला उठावं लागतं. पहाटेच्या गाडीत निदान उभं राहायला जागा असते. एकच्या पाळीला साडेअकराची गाडीही निभते. पण आठ ते दहामधली गर्दी मी ज्या दिवशी अनुभवते, त्या दिवशी लॅबमध्ये पोचून पाच मिनिटं नुसती बसून राहते. नऊ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली, जीव गेले. माझी त्या आठवड्यात दुपारची पाळी होती, मी घरीच होते. आईचा फोन आला तेव्हा ती बोलू शकत नव्हती, नुसती हुंदके देत होती. महिन्याचा सेकंड क्लासचा पास अडीचशे रुपयांच्याही आत पडतो म्हणून आम्ही सगळे स्वस्तात राहतो म्हणायचं, पण त्या स्वस्ताईचा उरलेला भाग लोक दारात लटकून भरतात. नऊ हजारांत शहरात जागा मिळत नाही, म्हणून चाळीस-पन्नास किलोमीटरवरून यायचं, आणि गाड्या मात्र तेवढ्याच. याचा मला राग येतो. मी दोन गाड्या सोडते, पण दारात उभी राहत नाही. आईला तसं वचन दिलंय.

आणि त्याच गावाने मला ३० मार्चचा पाडवाही दाखवला. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीतच १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली, हे मला काकूंनी सांगितलं. पहाटे त्यांनीच दार वाजवलं, नऊवारी हातात घेऊन. "नेसता येते का? ये, नेसवते." ढोल-ताशांच्या मागून चालत आम्ही फडके रोडला पोचलो तेव्हा समोरून लेडीज डब्यातली मेथीवाली बाई आली, नाकात नथ, डोळ्यांवर गॉगल. आम्हाला एकमेकींची नावंही माहीत नव्हती, तरी तिने मला ओढून फोटोत घेतलं.

करार डिसेंबरअखेर संपला. काकूंनी पाचशे वाढवले, मी हो म्हटलं, कागद पुन्हा रीतसर केला.

या महिन्यात लॅबमध्ये धाराशिवची एक मुलगी लागली आहे. तिला आमच्याच गल्लीतली एक खोली बघायची होती, रविवारी येते म्हणाली. मी म्हटलं, रविवारी नको, गुरुवारी माझ्याबरोबर चल, नऊला सुटल्यावर. दहा वीसला आम्ही पूल उतरलो. ती माझा हात धरून चालत होती. तो अंधारा पट्टा अजून तसाच आहे, सोसायटीने दोनदा अर्ज दिलाय. भाजीवालीने बल्ब जरा तिच्याकडे वळवला आणि विचारलं, "ही कुठली?"